डावा-उजवा एकत्र लागत नसेल तर आधी पत्र्याला हात लावू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. घरी बनवलेला डान्स पॅड (पायाने बाण दाबून खेळायचा), १८ मिमी प्लायवर पत्र्याचे चार बाण, आत जुन्या यूएसबी गेमपॅडचं सर्किट आणि लॅपटॉपवर स्टेपमेनिया हा नाचाचा गेम. एकेक बाण व्यवस्थित लागतो. डावा आणि वरचा एकत्र दाबले तरी लागतात. पण डावा-उजवा मिळून उडी मारली की मिस, आणि वर-खाली एकत्र दाबले तरी तेच. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'आता फोम पातळ करून बघतो, नाहीच जमलं तर जाड पत्रा आणतो.'

कृपा करून पत्रा आणू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

२०१७च्या उन्हाळ्यात मी अगदी याच वाटेने गेले होते. भाची सातवीची परीक्षा देऊन सुट्टीला आमच्याकडे पुण्यात आली होती. मॉलमधल्या गेम झोनमध्ये तिने नाचायचं मशीन पाहिलं आणि 'मावशी, हे घरी करता येईल का?' असं विचारलं. मला लहानपणापासून वस्तू उघडून बघायची सवय, त्यामुळे मी हो म्हटलं. टिंबर मार्केटमधून प्लाय कापून आणला, बोहरी आळीतून जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा आणि तपकीर गल्लीतून वायर आणि फोम टेप. आठवड्याभरात पॅड उभा राहिला. पहिल्या गाण्याला ती इतकी खूश झाली की खालच्या मजल्यावरचे काका वर बघायला आले. मग तिने लेव्हल वाढवली, गाण्यात उड्या आल्या आणि डावा-उजवा काही केल्या लागेना.

माझी चूक झाली ती इथे, आणि तिची किंमत बाकी सगळ्या चुकांच्या बेरजेपेक्षा जास्त होती. मी असं धरून चालले की दोष पॅडमध्येच आहे. कारणही पटण्यासारखं वाटत होतं: एका पायावर उभं राहिलं की सगळं वजन एका बाणावर, दोन्ही पाय टेकले की निम्मं-निम्मं, म्हणजे मधला फोम दबून वरचा पत्रा खालच्याला टेकत नसणार. म्हणून मी ५ मिमीचा फोम काढून ३ मिमीचा लावला. उडी लागलीच नाही, उलट खालचा बाण चिकटून राहायला लागला. पाय उचलला तरी मल्टिमीटरची, म्हणजे जोड टेकलाय का ते सांगणाऱ्या मीटरची, बीप चालूच. मग पत्रा मधे झोल खातोय असं ठरवून पत्र्याखाली आडव्या पट्ट्या घातल्या. पॉलिश पेपरने सगळे काँटॅक्ट घासले. शेवटी जीआय टाकून स्टीलचा जाड पत्रा कापून आणला. कटिंग धरून दोन हजार आठशे रुपये गेले, आणि त्याच्या धारांना कानस मारता मारता अंगठ्याला टाके पडले ते वेगळंच.

मधल्या काळात सर्किट घेऊन एका रिपेअरवाल्याकडेही गेले. दुकानाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. त्याने आधी 'मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो' असं सांगितलं. मी जागची हलले नाही तेव्हा सर्किट लॅपटॉपला लावलं, चार बटणं एकामागून एक दाबली, चारही दिवे लागलेले दाखवले आणि म्हणाला, 'बोर्ड ओके आहे, तुमच्या पत्र्यातच घोळ आहे.' वर तपासणीचे दीडशे रुपये. दोन बटणं एकदम दाबून बघा, असं मी सांगत होते. त्याने ऐकून घेतलं नाही. आज इतक्या वर्षांनीही मला त्या दीडशे रुपयांचं काही वाटत नाही, पण एक साधी गोष्ट करून बघायला सांगणाऱ्या माणसाचं ऐकूनच न घेण्याचा राग मात्र अजून आहे. त्याच्या त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी आणखी तीन आठवडे पत्र्याशी झगडत बसले. सुट्टी संपली, भाची साताऱ्याला परत गेली. त्या सुट्टीत तिला एकही गाणं उड्यांसकट खेळता आलं नाही.

उलगडा जूनमध्ये झाला. बाहेर पाऊस, पॅड भिंतीला टेकवलेला. मी सर्किट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, वायरींची मोकळी टोकं हातात घेतली आणि स्टेपमेनियाच्या ऑप्शन्समधलं टेस्ट इनपुट उघडलं. डाव्याची वायर कॉमनला, म्हणजे बाणांच्या सामाईक वायरीला टेकवली, डावा लागला. उजव्याची टेकवली, उजवा लागला. दोन्ही एकदम टेकवल्या आणि स्क्रीनवरून दोन्ही गेले. टेबलावर ना पत्रा होता, ना फोम, ना कोणाचं वजन.

तुमच्या पोस्टमध्येही उत्तर लिहिलेलंच आहे, म्हणून तर मी एवढं लांबलचक लिहायला बसले. डावा-वर लागतो, डावा-उजवा लागत नाही. पत्र्याला काय माहीत कुठला बाण कुणाच्या समोर आहे? फोम दबत नसता तर कुठलीही जोडी कधी लागली असती, कधी नसती. नेमक्या समोरासमोरच्याच जोड्या दर वेळी जातात, म्हणजे हा निर्णय कुठेतरी चिपमध्ये होतोय.

कारण असं. गेमपॅडवरचा अधिकचिन्हासारखा डी-पॅड हे एकच प्लास्टिक असतं, ते मधल्या खुंटीवर डोलतं. डावीकडे दाबलं की उजवी बाजू वर उचलली जाते. दोन्ही एकदम दाबले जाण्याची सोयच नसते, त्यामुळे चिप बनवणाऱ्यानेही ती शक्यता धरलेली नसते. काही गेमपॅड डी-पॅडची स्थिती आठ दिशा आणि नववी 'काहीच नाही' अशी पाठवतात. त्या नवांत 'डावा आणि उजवा' अशी स्थितीच नाही. काही गेमपॅड तो आडवा आणि उभा अक्ष म्हणून पाठवतात: एका टोकाला डावा, दुसऱ्या टोकाला उजवा, मधे शांत. एक आकडा एकाच वेळी दोन्ही टोकांना कसा असेल? मग चिप एकतर मधला आकडा पाठवते, नाहीतर दोनातला एक गिळते. नाचाच्या पॅडला मात्र चार स्वतंत्र बटणं लागतात. प्लेस्टेशनचा पॅड यूएसबीला जोडायचे जे स्वस्त अडॅप्टर मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणंही हेच.

आता उपाय, आणि तो वाचून तुम्हालाही माझ्यासारखाच त्रास होईल. तुमच्या चार वायरी डी-पॅडच्या ठिपक्यांवरून, म्हणजे सर्किटवरच्या काँटॅक्टवरून काढा आणि त्याच सर्किटवरच्या उजव्या हाताच्या चार बटणांच्या, म्हणजे १, २, ३, ४ यांच्या ठिपक्यांवर सोल्डर करा. ही बटणं चिप वेगवेगळी मोजते. मग स्टेपमेनियात कुठलं बटण म्हणजे कुठला बाण ते नव्याने मॅप करा. बस्स. अडीचशे रुपयांच्या त्याच गेमपॅडने माझं काम झालं असतं, फक्त वायरी जरा उजवीकडे हव्या होत्या. सोल्डर करण्याआधी मीटर बीपवर ठेवून एवढं तपासा की या चारही बटणांची एक बाजू कॉमनला जोडलेली आहे. काही सर्किटांत डी-पॅडचा कॉमन आणि बटणांचा कॉमन वेगळा असतो, तेव्हा जुनीच कॉमन वायर गृहीत धरू नका.

मी स्वतः मात्र नंतर गेमपॅड सोडूनच दिला. आज कोणी विचारलं तर प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो, म्हणजे एटीमेगा ३२यू४ चिपचा, आपणच प्रोग्राम टाकायचा छोटा बोर्ड घ्या असंच सांगेन. तो लॅपटॉपला थेट कीबोर्ड म्हणून दिसतो. आर्डुइनोचा ऊनो बोर्ड घेऊ नका, तो सरळ कीबोर्ड होत नाही, त्यासाठी वेगळ्या खटपटी कराव्या लागतात. चार पिना आतल्या पुलअपवर (मोकळ्या पिनेला 'सुटलेली' धरायला लावणारा रेझिस्टर) ठेवायच्या, पाचवी वायर ग्राउंड, पिन ग्राउंडला टेकली की अक्षर दाबलं, सुटली की अक्षर सोडलं. पत्र्यांचा काँटॅक्ट टेकताना थरथरतो, म्हणून बदल झाल्यावर ५ मिलिसेकंद नवा बदल मोजू नका, नाहीतर लांब धरायचे बाण मधेच तुटतात. जॉयस्टिक म्हणून दाखवायचं असेल तर बाण बटणं म्हणूनच पाठवा, अक्ष म्हणून पाठवलेत तर फिरून त्याच खड्ड्यात पडाल. प्रो मायक्रोचं मायक्रो यूएसबी सॉकेट फार नाजूक असतं. मी एक बोर्ड त्यातच घालवला. केबल आधी प्लायला क्लिपने आवळा आणि सॉकेटभोवती हॉट ग्लू घाला.

जुन्या कीबोर्डचं सर्किट वापरा असाही सल्ला तुम्हाला मिळेल. दोन बाणांपर्यंत ते चालतं. तीन एकत्र आले की कीबोर्डमधल्या वायरींच्या आडव्या-उभ्या जाळीमुळे भलतंच चौथं अक्षर उमटू शकतं, आणि आतल्या प्लास्टिक फिल्मवरचे मार्ग शोधत बसण्यात एक अख्खा रविवार जातो. मला तो प्रकार आवडत नाही.

पत्र्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीयेत, तरी दोन-तीन गोष्टी सांगते, कारण फोटोत तुमची वायर वरच्या, हलणाऱ्या पत्र्याला लावलेली दिसते. ती आज ना उद्या तुटणार. त्यापेक्षा खाली दोन अर्धे पत्रे, मधे सेंटिमीटरभर फट ठेवून ठोका. एकाला सिग्नल, दुसऱ्याला ग्राउंड. वरचा पत्रा मोकळा, त्याला काहीच जोडायचं नाही. पाय पडला की तो खालच्या दोघांना सांधतो. हलणाऱ्या भागाला वायरच नाही, मग तुटणार काय? फोम चारही कडांना सलग न लावता कोपऱ्यांत तुकडे लावा, नाहीतर कडेवर पडलेलं पाऊल लागत नाही. आर्केडमधल्या मशीनला एकेका बाणाखाली चारही कडांना सेन्सर असतात, ते याचसाठी.

दिसायला छान म्हणून रंगीत ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम घेऊ नका, त्या थरातून वीज जात नाही. साध्या ॲल्युमिनियमवर नेहमीचं सोल्डर धरत नाही, तेव्हा थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), स्क्रू आणि वॉशर वापरा. जीआय पुण्याच्या हवेत पुरतो. कोकणात किंवा मुंबईत असाल तर स्टील घ्या, आणि तळाला एमडीएफ तर अजिबात नको, एका पावसाळ्यात फुगतो.

आणि एक गोष्ट जरा गंभीरपणे. पॅडमधली वीज यूएसबीची, ५ व्होल्ट, तिने काही होत नाही. पण लॅपटॉपचा चार्जर दोन पिनी असेल किंवा सॉकेटला अर्थिंग नसेल, तर लॅपटॉपच्या ग्राउंडवर चार्जरमधून थोडी गळती येते. तेच ग्राउंड तुमच्या पत्र्यावर, आणि त्यावर पोरांचे अनवाणी, घामेजलेले पाय. मला स्वतःला मुंग्या आल्यासारखं झालं होतं. म्हणून वर पॉलिकार्बोनेटची (चिवट प्लास्टिकची) शीट हवीच, स्क्रूची डोकीसुद्धा झाकली गेली पाहिजेत, आणि खेळताना चार्जर काढून बॅटरीवर खेळा. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर नाही, तेव्हा घरातलं अर्थिंग जाणकार वायरमनकडून तपासून घ्या, माझ्या शब्दावर राहू नका.

तुमच्या गेमपॅडची चिप माझ्यासारखीच वागते असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, सर्किट मी पाहिलेलं नाही. पण तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पॅडपासून सर्किट सोडवा, वायरींची टोकं हातात घ्या, टेस्ट इनपुट उघडा आणि डावा-उजवा एकदम कॉमनला टेकवा. दोन्ही दिसले तर मी चुकले, मग फोमचं बघू. एक किंवा काहीच दिसलं नाही तर सोल्डरिंग गन तापवा. गेमपॅडच्या सर्किटचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो टाकलेत तर कुठल्या ठिपक्यांवर वायरी न्यायच्या ते मी खुणा करून देते. रात्री नऊनंतर मी इथे असते.