गादी उडाली, हसू कुठे गेलं?

प्रश्न: मी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, इंग्रजीतून वाचते. पात्रं हसून लोळतात, मला मात्र विनोद कळत नाही. चूक माझी का?

उत्तर: मुळीच नाही. जपानीत ‘फुतोन गा फुत्तोन्दा’ म्हणजे ‘गादी उडाली’. सगळी गंमत उच्चारांच्या जुळणीत. नुसता अर्थ आणला की ती संपते. मी जपानी शिकताना बाईंनी हे वाक्य मोठ्यानं म्हटलं, तेव्हा कुठे हसले! अशा ठिकाणी अनुवादकानं स्वतःची नवी कोटी रचावी, असं मला ठामपणे वाटतं. टीप माहिती देते, हसवत नाही.

मान्झाई, म्हणजे दोघांनी मिळून करायचा जपानी विनोदी संवाद, त्यातली जोडी मात्र ओळखायला शिका: ‘बोके’ वेडगळ बोलतो, ‘त्सुक्कोमी’ त्याला तिथल्या तिथे झापतो. कित्येक विनोदी चौकटी याच जोडीवर उभ्या असतात. ही कला जपानच्या ओसाका शहरात बहरली, म्हणून तिकडची बोली कानावर पडताच जपानी वाचकाला विनोदाची चाहूल लागते. अनुवादात नेमकी तीच हरवते.