बैठक नसलेल्यांचा अभ्यास: एडीएचडी आणि सीए इंटर

तू लिहिलंयस की वय २१, सीए इंटरचे (सीएच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेचे) दोन अटेम्प्ट गेले, गेल्या महिन्यात मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं अवघड करणारी मेंदूची अवस्था) निदान केलं. पुण्यात कॉट बेसिसवर राहतेस, पुस्तक उघडून चार-चार तास बसतेस आणि पान तेच राहतं. बाबा म्हणतात, 'तुझी बैठकच नाही.' आणि विचारलंयस की लक्ष लागायला काय करू, शिवाय दोन्ही ग्रुप (विषयांचे दोन गट) एकदम देऊ की एकच. वयाने बरीच लहान आहेस म्हणून सरळ अगं-तुगं करते.

मी सीए आहे. आयपीसीसीचा (तेव्हा इंटरचं नाव ते होतं) पहिला ग्रुप तिसऱ्या अटेम्प्टला सुटला, आणि माझं निदान झालं २९व्या वर्षी, म्हणजे सगळं निस्तरून झाल्यावर. डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली होती, कारण ही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात. आईने सगळी जपून ठेवली होती. दुसरीपासून नववीपर्यंत बाई बदलल्या, शेरा तोच: हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते. बाकांवर उड्या मारणारा मुलगा डॉक्टरकडे लवकर पोचतो. खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीचा कुणाला त्रास नसतो, म्हणून तिला स्वप्नाळू म्हणून सोडून देतात. तुझं २१व्या वर्षी कळलं, हे तुझ्या आत्ता लक्षात येणार नाही, पण बरंच लवकर आहे.

आता बैठकीचं. आपल्याकडे अभ्यास म्हणजे बैठक. गाण्याचा रियाज असो नाहीतर सीए, मांडी ठोकून बसता आलं पाहिजे. ते ज्यांना जमतं त्यांना जमतं. मी दहा वर्षं ती बैठक कमवायचा प्रयत्न केला आणि दर वेळी हरले. ज्या दिवशी नाद सोडला, त्या दिवसापासून अभ्यास व्हायला लागला. केलं एवढंच की पानाच्या कोपऱ्यात, भरकटून परत आले की एक रेघ ओढायची. पहिल्या दिवशी दोन तासांत ३१ रेघा झाल्या. रडूच आलं. मग लक्षात आलं की ही भरकटण्याची नोंद नाहीच, ३१ वेळा मी परत आलेय. आधी मी एकदाच उठायचे आणि थेट रात्री जेवायला भेटायचे. पुढे रेघा कमी झाल्या का? थोड्या. पण त्यांची लाज वाटेनाशी झाली, आणि लाज गेली की परत येणं सोपं होतं.

रसेल बार्कली म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांचं सांगणं असं की यात माणसाला काय करायचं ते ठाऊक असतं, ठाऊक असलेलं त्या वेळी हातून होत नाही. म्हणून मदत लागते ती जिथे काम होतं त्या जागी. माझ्या भाषेत: जे डोक्याने धरून ठेवायला हवं आणि ते धरत नाही, ते सगळं टेबलावर काढून ठेव. वेळ, पुढची पायरी, आणि कुणीतरी बघतंय ही जाणीव.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण मला सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडलं. तू पुण्यात आहेस, तुझ्याइतकी सोय जगात कुणाला नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात एमपीएससीच्या पोरांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. आता परदेशी लोक 'बॉडी डबलिंग' (कुणाच्या तरी सोबतीने आपापलं काम करणं) म्हणून जे शोधून काढतायत, ते आपल्याकडे महिन्याच्या फीवर केव्हापासून मिळतंय. मी जिथे जायचे तिथे मला कुणी नावानेही ओळखत नव्हतं. पण शेजारचा मुलगा पान उलटायचा, त्या आवाजाने मी माझ्या पानावर परत यायचे. चार तास खोलीत तेच पान बघण्यापेक्षा हे फार बरं. एक अट: भिंतीकडे तोंड असलेली जागा धर, दाराकडे नको. दाराकडे बसलीस तर दिवसभरात किती जण चहाला गेले याचा हिशोब तुझ्याकडे तयार असेल. आणि फोन बॅगेत ठेवू नकोस, चपलांशेजारच्या लॉकरमध्ये ठेव. उठून जावं लागलं पाहिजे.

वेळेचं थोडं वेगळं आहे. परीक्षा तीन महिन्यांवर असते तेव्हा माझ्या लेखी ती नसतेच, आणि मग एके दिवशी ती परवावर येऊन उभी राहते. अजूनही तसंच आहे. क्लायंटचं जीएसटीआर-३बी (जीएसटीचं दर महिन्याचं विवरणपत्र) २० तारखेला भरायचं असतं आणि माझा मेंदू १९च्या रात्री दहाला जागा होतो. म्हणून वेळ डोळ्यांना दिसली पाहिजे. काट्यांचं घड्याळ टेबलावर ठेव, फोनमधलं चालणार नाही. स्वयंपाकघरातला चावीचा टायमरही चालेल. पोमोडोरोचं नाव ऐकलंच असशील. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या अशाच टायमरवर ती पद्धत बसवली. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. पण तो २५चा आकडा काही वेदवाक्य नाही. ऑडिटला मला २५ मिनिटं म्हणजे जन्मठेप वाटायची, १२ वर आणलं तेव्हा कुठे सुरुवात झाली. उलट अकाउंट्सचं गणित रंगात आलं की २५व्या मिनिटाची घंटा सगळा विचका करायची, तिथे मी ५० लावायचे. आणि त्या पाच मिनिटांच्या सुट्टीत रील बघायची नाही. पाणी भर, जिना चढ-उतर, मेसच्या काकूंशी बोल, काहीही कर, पण ज्याला शेवट आहे असं काहीतरी.

पुढची पायरी म्हणजे काय? 'आज ऑडिट करायचं' हे काम नाही, तो डोंगर आहे. चिठ्ठीवर असं लिही: 'एसए २३० उघड, पहिलं पान, पेनाने तीन प्रश्न काढ.' (एसए २३० हे ऑडिटचं एक मानक.) याहून छोटं जमलं तर आणखी चांगलं. आणि माझी आवडती युक्ती: रात्री उठताना गणित पूर्ण करून उठू नकोस. एएस २ (हिशोबाचं एक मानक) मधलं इन्व्हेंटरीचं, म्हणजे मालसाठ्याचं गणित अर्धं मांड, किंमत काढायची ती ओळ रिकामी ठेव, पेन वहीतच ठेव. सकाळी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही, त्या अर्धवट ओळीने मेंदूला खाज सुटते.

शेजारी एक रद्दी कागद हवाच. अभ्यासात डोक्यात जे येईल ते तिथे टाकायचं आणि परत फिरायचं. माझे काही कागद अजून आहेत: 'गॅसचा नंबर', 'मावशीला वाढदिवसाचा फोन', 'पेंग्विनला गुडघे असतात का'. (असतात. पण ते रात्री बघितलं.)

एका गोष्टीवर जरा रागावणार आहे. तू फोटोतलं वेळापत्रक टाकलंयस, पाच रंगांचं, सकाळी साडेचारपासून. किती वेळ लागला ते करायला? मी अशी डझनभर केली आहेत. वेळापत्रक आखणं, हायलायटर घेणं, नोट्सना कव्हर घालणं ही सगळी अभ्यासाच्या वेशातली पळवाट, आणि आपल्याला ती फार गोड लागते कारण तिच्यात नवेपणा असतो. ते भिंतीवरून काढ. एका कागदावर उद्याच्या तीन गोष्टी लिही. तीनच.

पिवळं करत वाचणंही सोड. नुसतं वाचताना आपले डोळे ओळींवरून फिरतात आणि मन कोल्हापूरला पोचलेलं असतं. पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, मग उघडून ताडायचं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन हे पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. सगळ्यांनाच हे लागू आहे, पण आपल्याला तर हे आणखी सोयीचं, कारण हात चालू असला की आपण जागे असतो. थिअरीला मी उभी राहून, खोलीत चकरा मारत, मोठ्याने बोलायचे. रूममेट वैतागतील; त्या क्लासला गेल्या की कर. आणि आरटीपी-एमटीपी (इन्स्टिट्यूटचे उजळणीचे आणि सराव पेपर) शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवू नकोस, धडा झाला की लगेच त्यातला एक प्रश्न.

औषधाबद्दल तू घाबरत विचारलंयस. मी मिथाइलफेनिडेट घेते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. आपल्याकडे ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तसंच असावं. कुण्या मैत्रिणीने तिची गोळी देऊ केली तर घेऊ नकोस. मला पहिल्या दिवशी वाटलं आता अभ्यासाची गंगा वाहणार. गोळी घेतली आणि चार तास एकाग्रतेने कपाट आवरलं. गोळी लक्ष देते, ते कुठे लावायचं ते सांगत नाही, म्हणून पुस्तक आधी उघडायचं आणि मग ती घ्यायची. भूक मेली, झोप उडाली, छातीत धडधडलं तर अंगावर काढू नकोस, मात्रा बदलता येते. ॲटोमोक्सेटिन म्हणून दुसरं औषध आहे, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात 'काहीच होत नाही' म्हणून सोडू नकोस. तुझ्यासाठी कोणतं, की कोणतंच नको, हे तुझे डॉक्टर ठरवतील.

झोपेचं सगळ्यांनी सांगितलंय, मी परत सांगत नाही. फक्त ते साडेचार खोड.

पेपरात काय होतं तेही सांगते, कारण माझे दोन अटेम्प्ट तिथेच गेले. तीन तास, १०० मार्क, म्हणजे मार्काला १.८ मिनिटं. १४ मार्कांचा प्रश्न म्हणजे २५ मिनिटं. मी पहिल्या प्रश्नाचा ताळा जुळेना म्हणून त्यात एक तास घातला होता. आता सराव पेपर सोडवताना प्रत्येक प्रश्नासमोर संपायची वेळ आकड्यात लिही, ११.०५ असं, आणि ती झाली की ताळा न जुळताच पुढे हो. पायऱ्यांना मार्क असतात. हे घरी आठ-दहा वेळा केल्याशिवाय तिथे जमत नाही.

ग्रुपचं: माझं मत एकच दे. दोन्ही एकत्र दिले की एका पेपरचे जास्तीचे मार्क दुसऱ्या ग्रुपच्या बेरजेला मदत करतात, हे खरं. पण सहा विषय एकदम समोर असले की आपण सहाच्या सहा रोज उघडतो आणि एकही मिटत नाही. आता वर्षातून तीनदा परीक्षा होते, पुढचा ग्रुप चार महिन्यांवर असेल. ऑडिट दुसऱ्या ग्रुपमध्ये आहे, ते नको वाटतं म्हणून तो टाळू नकोस मात्र, ज्याची जास्त तयारी आहे तो आधी दे.

बाबांना निदानाचा कागद दाखवून वाद घालू नकोस. माझ्या वडिलांना तो कागद कळला नाही, पण रेघांची वही दाखवली तेव्हा ते बराच वेळ ती चाळत बसले.

सकाळी साडेसात ते नऊ माझा व्हिडिओ कॉल चालू असतो, कॅमेरा चालू, आवाज बंद. मी रिटर्न भरत असते, नाशिकची एक मुलगी बी.एड.चं वाचते, एक काका जर्मन शिकतायत. कुणी कुणाशी बोलत नाही. निरोप टाक, दुवा पाठवते. येताना कालचं अर्धं गणित घेऊन ये.