फुलझाड घेताना रंग शेवटी बघा

आधी ऊन मोजा. जागेवर सहा तास थेट ऊन येत असेल तर जास्वंद, पिवळी टिकोमा, बॉटलब्रश, काहीही चालेल. तीन-चार तासच मिळत असेल तर तगर किंवा कामिनी घ्या. फुलं पांढरी, पण पानं बारमाही हिरवीगार. अशा जागी बोगनवेल लावलीत तर पानं आणि काटेच वाढतील. कण्हेर उन्हात झकास फुलते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर नकोच.

लाल-केशरी एक्झोराचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याला आम्लधर्मी माती लागते. चुनखडीच्या जमिनीत किंवा सिमेंटच्या भिंतीलगत लावला की कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही. इथे युरियाचा उपयोग नाही; चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या. त्यापेक्षा एक्झोरा मोठ्या कुंडीत लावलेला बरा.

नर्सरीत फुलांनी लगडलेल्या रोपावर भाळू नका. पिशवी हळूच सरकवून मुळं बघा. गोल गोल गुंडाळलेली असतील तर दुसरं घ्या. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद हवा, पण खोली गोळ्याएवढीच. बुंधा मातीत गाडला गेला की कुजतो.

छाटणी झाडागणिक वेगळी. जास्वंदीला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे बिनधास्त छाटा. बॉटलब्रश मात्र बहर ओसरताच, सुकलेल्या तुऱ्याच्या जरा मागे.