व्हेंडिंग मशीनची स्प्रिंग जागेवर थांबत नाही, मोटर बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या स्नॅक मशीनमध्ये दोन सिलेक्शनना, म्हणजे बटणाने निवडायच्या मालाच्या दोन रांगांना, पाकीट त्याला पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या टोकाला लटकून राहतं, कधी एकाऐवजी दोन पडतात, आणि मेकॅनिक दोन्ही मोटरी बदला म्हणतोय. मोटरींवर पैसे घालण्याआधी दहा मिनिटं काढून एक गोष्ट बघा.

त्या ट्रेमधला माल काढून घ्या. स्प्रिंगचं पुढचं टोक जिथे थांबलंय, बरोबर तिथे ट्रेच्या पत्र्यावर मार्करने खूण करा. मग सर्व्हिस मेनूतून (मशीनच्या दुरुस्तीसाठीच्या मेनूतून) ते सिलेक्शन पाच वेळा फिरवा आणि दर वेळी टोक कुठे थांबतं ते पाहा. मशीनला ड्रॉप सेन्सर (पाकीट खाली पडलं का ते ओळखणारा सेन्सर) असेल तर या चाचणीपुरता तो बंद ठेवा. नाहीतर काही पडलं नाही असं समजून मशीन स्प्रिंग आणखी थोडी फिरवतं आणि तुमची फसगत होते.

पाचही वेळा टोक खुणेवरच आलं, तर मोटर ठणठणीत आहे. ते दर वेळी वेगळीकडे थांबलं, तरच मोटरकडे वळा.

असं का, तर स्प्रिंग कुठे आहे हे मशीनच्या बोर्डाला, म्हणजे ते चालवणाऱ्या सर्किटला, कळतच नाही. मोटरच्या गिअरबॉक्समध्ये एक कॅम, म्हणजे उंचवटा असलेली चकती, असतो. एक फेरी पुरी झाली की तो छोटासा स्विच दाबतो, आणि बोर्डाला कळतो तो फक्त हा स्विच. स्प्रिंग मागच्या हबच्या (मोटर जिला फिरवते त्या, स्प्रिंग अडकवायच्या चकतीच्या) खाचांत चुकीची बसली असेल तर मोटर अगदी इमानदारीने दर वेळी त्याच चुकीच्या जागी थांबते. नवी मोटर टाकलीत तरी तेच होणार.

चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा एक कामगार काचेला कपाळ टेकवून उभा होता. आत त्याचं 20 रुपयांचं पाकीट: वरच्या शिवणीचा एक कोपरा स्प्रिंगच्या टोकात अडकलेला, बाकी पाकीट अधांतरी. त्या सिलेक्शनची मोटर मी त्याआधी दोनदा बदलली होती. दोष निघाला एका खाचेचा. माल भरणाऱ्याने घट्ट बसलेलं पाकीट ओढताना स्प्रिंगही ओढली गेली होती. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

दुरुस्ती सोपी आहे. मेन स्विच बंद करा, ट्रे बाहेर ओढा, स्प्रिंग हबमधून सोडवा, एक खाच फिरवून परत बसवा. पाकीट लटकत असेल तर स्प्रिंग ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला पुढे घ्या. दोन पडत असतील तर मागे. बहुतेक मालाला टोक घड्याळातल्या सहाच्या आसपास थांबलेलं चालतं, पण पाकिटागणिक थोडा फरक पडतो. जोड स्प्रिंग (एकाच रांगेत शेजारी शेजारी दोन) असेल तर दोन्ही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दिसल्या पाहिजेत. एक जरी खाचभर मागे राहिली तरी पाकीट तिरकं होऊन भिंतीला घासतं.

टोक खरंच इकडेतिकडे थांबत असेल, तर शेजारच्या सिलेक्शनशी मोटरची अदलाबदल करा. दोष मोटरबरोबर गेला तर मोटर किंवा तिचा स्विच खराब. तिथेच राहिला तर कनेक्टर सैल आहे का, वायर कुठे दबली आहे का ते बघा.

सगळं जागेवर असूनही अडकत असेल तर पाकीट आणि स्प्रिंगचा मेळ बघा. दोन वेटोळ्यांमधल्या जागेत पाकीट सैलसर उभं राहायला हवं, कोंबलेलं नको. तुमचं मशीन लोणावळा-महाबळेश्वरसारख्या उंचावरच्या ठिकाणी असेल तर हे आणखी महत्त्वाचं: खाली सपाटीवर भरलेली चिप्सची पाकिटं तिथे हवेचा दाब कमी असल्याने फुगतात. त्यांना मोठ्या वेटोळ्यांची स्प्रिंग लागते.

आणि अडकलेलं पाकीट पाडायला कुणाला मशीन हलवू देऊ नका. ते धूड अंगावर आलं तर माणूस जिवानिशी जाईल. पैसे परत कुणाकडे मागायचे त्याचा नंबर काचेवर ठळक चिकटवा.

दुरुस्तीनंतर ट्रे लगेच पूर्ण भरू नका. आधी पाचच पाकिटं लावा आणि पाचही स्वतः समोर उभं राहून काढून बघा. मार्करची ती खूण पुसू नका, माल भरणाऱ्याला दाखवून ठेवा.