पऱ्हाटीवर ट्रायकोडर्मा टाकून शेतावरच इथेनॉल काढता येईल का?

पाच एकरांतली पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेल्या काड्या, पडून आहे, कृषी केंद्रात ट्रायकोडर्मा ही बुरशी मिळते, मग इथेनॉल का नाही, असं तुम्ही विचारलंय. इथेनॉल निघतं, पण शेतावर नाही. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून मी काही वर्षं बुरशीच्या एन्झाइमवर काम केलंय. बुरशीचे एन्झाइम काडीतल्या सेल्युलोजची साखर करतात, यीस्ट त्या साखरेचं इथेनॉल करतं. पण घोडं अडतं ते बुरशीपाशी नाही.

तुमच्या पुड्यात बहुधा विरिडी किंवा हरझियानम जातीची ट्रायकोडर्मा असेल. ती मर रोगाच्या बुरशीशी झुंजते. कारखान्यांना लागते ती तिची चुलत बहीण, ट्रायकोडर्मा रीसाय. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजत होतं, तिथे ती सापडली. आजचे रीसायचे सगळे औद्योगिक वाण त्या एकाच मूळ वाणातून आलेत.

आता गंमत बघा. एन्झाइमचा जोर मोजायला आम्ही व्हॉटमन नंबर 1 फिल्टर पेपरची 1 बाय 6 सेंटिमीटरची पट्टी एन्झाइममध्ये बुडवून तासभर 50 अंशांवर ठेवायचो. मग डीएनएस हे साखर दाखवणारं रसायन घालून उकळलं की पिवळं द्रावण लालसर तपकिरी होतं. जितकं गडद, तितकी साखर. पेपरवर सगळेच एन्झाइम शूर! तिथेच पऱ्हाटीचा कच्चा भुगा टाका, रंग जेमतेम बदलतो. पेपर म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. पऱ्हाटीत तेच सेल्युलोज लिग्निनमध्ये, म्हणजे काडीला कडक करणाऱ्या घटकात, चिणलेलं असतं, एन्झाइमला तिथवर पोचताच येत नाही.

ते मोकळं करायला सौम्य आम्ल आणि दाबाखालची दीड-दोनशे अंशांची वाफ लागते, आणि त्या आम्लाला पुरून उरेल अशा महाग धातूची भांडी. खरा खर्च इथे आहे. पुढे एन्झाइमचे दोन-तीन दिवस. त्यातही रीसायकडे बीटा-ग्लुकोसिडेज हे शेवटच्या टप्प्याचं एन्झाइम कमी, त्यामुळे सेलोबायोज ही अर्धवट तुटलेली साखर साचते आणि बाकीचे एन्झाइम मंदावतात. म्हणून जोडीला ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचं एन्झाइम घालतात. काडीतल्याच हेमिसेल्युलोज या दुसऱ्या घटकातून सुटणारी झायलोज साखर तर नेहमीचं यीस्ट खातच नाही.

पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. खर्च 900 कोटींच्या वर. वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यातून तीन कोटी लिटर, म्हणजे टनाला दीडशे लिटर, असा त्यांचा हिशेब. एकरी टनभर पऱ्हाटी धरली तर तुमचे झाले साडेसातशे लिटर, तेही कारखान्याच्या दराने. बाहेर तर मोठमोठ्यांनी हात टेकले: इटलीतल्या क्रेशेंतिनोचा प्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला, 2017 मध्ये बंद पडला, ड्यूपाँ कंपनीने अमेरिकेतल्या आयोवातला 2015 मध्ये उघडला आणि दोनच वर्षांत अंग काढून घेतलं. गोळा केलेल्या काडीकचऱ्यातली माती आणि खडे यंत्रांना कसे छळतात, हे कागदावरच्या हिशेबात दिसत नाही.

शिवाय राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणं हा गुन्हा आहे, मग ते ट्रॅक्टरसाठी का असेना.

तुमचा ट्रायकोडर्मा वाया मात्र जाणार नाही. पऱ्हाटी श्रेडरने बारीक करा, शेणकाला आणि थोडा युरिया द्या, थर ओले ठेवा आणि त्यात ट्रायकोडर्मा मिसळा. कंपोस्ट चांगलं होतं, फक्त काड्या जाड राहिल्या तर वेळ लागतो. जवळपास ब्रिकेटवाला, म्हणजे काडीकचरा दाबून जळणाच्या कांड्या करणारा, असेल तर भाव विचारून बघा. काहीही करा, पण पऱ्हाटी उभी ठेवू नका, गुलाबी बोंडअळीला आयतं घर मिळतं.