पारलिंगी व्यक्तींचं आयुष्य समजून घ्यायला कोणती आत्मकथनं वाचावीत?

मराठीतूनच सुरुवात करा. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (शब्दांकन वैशाली रोडे) २०१२ साली आलं. ‘तृतीयपंथी’ ही स्वतंत्र ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ चा, म्हणजे पुस्तक त्याच्या आधीचं. ठाण्यातलं घर, भरतनाट्यम, डान्स बार आणि हिजडा समाजातलं गुरू-चेल्याचं नातं, सगळं त्यात मोकळेपणानं आलंय. घर न सुटलेली हिजडा हे चित्र आपल्याला सवयीचं नाही, म्हणूनच ते वाचायला हवं.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते ए. रेवती यांच्या ‘द ट्रुथ अबाउट मी’नं. मूळ लेखन तमिळ, इंग्रजी अनुवाद व्ही. गीता यांचा, २०१० चा. तमिळनाडूतल्या खेड्यातलं हे लेकरू अंगण झाडून रांगोळी काढतं, मुलींमध्येच रमतं. पुढे घर सोडून परत आल्यावर सख्खा भाऊ क्रिकेटच्या बॅटनं मारतो. रेवती हे सगळं रडगाणं न करता सांगतात. आई-वडिलांची ओढ मात्र शेवटपर्यंत सुटत नाही, आणि तेच वाचताना जास्त लागतं.

लिव्हिंग स्माइल विद्या यांचं ‘आय ॲम विद्या’ही घ्या. भाषाशास्त्रात एम.ए. झालेली ही बाई पुण्यात असताना रेल्वेत भीक मागत होती. ते दिवस तिनं स्वतः लिहिलेत.

कविता आवडत असेल तर दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा संग्रह नक्की वाचा.