अंगाला एकच अस्तर का पुरत नाही?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. अभिस्तर ऊतीचे प्रकार – सरल पट्टकी, स्तरित पट्टकी, स्तंभीय, घनाभरूप, रोमक, ग्रंथिल – रोज पाठ करते, रोज विसरते. एवढे प्रकार हवेतच कशाला? – एक पालक, सातारा

उत्तर : यादी मिटवून ठेवा. अभिस्तर म्हणजे अंगाला आतून-बाहेरून असलेलं पेशींचं अस्तर, एवढं पुरे. तिला चूळ भरायला सांगा आणि दातकोरणीच्या बोथट टोकानं गालाची आतली बाजू हलकेच खरवडू द्या. शाळेत मी वर्षानुवर्षं हेच करून घेतलं. काचपट्टीवर मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला, की सूक्ष्मदर्शकाखाली चुरलेल्या पापडासारख्या चपट्या पेशी दिसतात, प्रत्येकीत केंद्रकाचा निळा ठिपका. ‘बाई, रक्त कसं नाही आलं?’ हे कुणीतरी विचारायचंच. अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतातच. पोषण खालच्या ऊतीतून झिरपत येतं. भाकरी, शेंगदाणे, दात यांच्या घासाघाशीत गालाचा वरचा थर झडतो, खालून नवा येतो. हा झाला स्तरित पट्टकी.

हेच जाड अस्तर फुप्फुसातल्या वायुकोशांना दिलं, तर ऑक्सिजन रक्तात पोचायचा कसा? तिथे चपट्या पेशींचा एकच थर, म्हणजे सरल पट्टकी. जिथे घासलं जातं तिथे थरावर थर, जिथून आरपार जायचं तिथे एकच. आतड्यातही थर एकच, पण अन्नरस शोषायचं काम मोठं, म्हणून पेशी उंच, स्तंभीय. मूत्रपिंडाच्या नलिकांत घनाभरूप, म्हणजे ठोकळ्यासारख्या पेशी.

खरं तर मुलीचा फारसा दोष नाही. ही यादीच मला कधी पटली नाही. काही नावं आकारावरून आणि थरांवरून, ग्रंथिल मात्र कामावरून. रोमक तर बहुतेक ठिकाणी स्तंभीयच, फक्त डोक्यावर रोम, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू, असलेले. श्वासनलिकेत हे रोम धूळ आणि कफ घशाकडे ढकलत राहतात. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासमार्गात कित्येक ठिकाणी रोमक पेशींच्या जागी गालासारखं स्तरित पट्टकी अस्तर येतं. धुरापुढे ते टिकतं, पण कफ वर ढकलायला तिथे रोमच उरत नाहीत. मग खोकून खोकून तो काढावा लागतो.

एक प्रकार तुमच्या यादीत नाही. मूत्राशय रिकामं असताना त्याच्या आतल्या पेशी फुगीर, घुमटासारख्या असतात. ते भरलं की त्यांचं काय होत असेल, हे तिलाच विचारा. पुस्तक न उघडता.